ऑक्टोपसची शेती : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकातील किनारी मत्स्यशेतीवरच्या लेखात ऑक्टोपसविषयी दोनच वाक्ये होती. वाचकांची बहुतेक पत्रे मात्र त्या दोन वाक्यांवरच आली, म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. जिथे प्रश्न माहितीचा नसून मताचा आहे, तिथे माझे मतही स्पष्टपणे मांडले आहे.

प्रश्न : कोळंबी, खेकडे, कालवे, शिंपले असे कितीतरी जीव माणूस पाळून वाढवतो. ऑक्टोपसला तर जगभर मागणी आहे आणि तो झपाट्याने वाढतो असेही वाचले आहे. मग त्याची शेती अजून रुळली का नाही?

उत्तर : आपण म्हणता ते दोन्ही गुण ऑक्टोपसमध्ये खरोखरच आहेत आणि त्यांच्यामुळेच गेली साठ वर्षे संशोधक त्याच्यामागे लागले आहेत. भूमध्य समुद्रात आणि पूर्व अटलांटिकमध्ये आढळणारा सामान्य ऑक्टोपस, शास्त्रीय नावाने ऑक्टोपस वल्गॅरिस, जेमतेम एक ते दोन वर्षे जगतो आणि तेवढ्या आयुष्यात काही किलो वजनाचा होतो. त्याला हाडे नाहीत, खवले नाहीत, त्यामुळे शरीराचा बहुतेक सर्व भाग खाण्याजोगा असतो. व्यापाराच्या दृष्टीने इतका सोयीचा सागरी प्राणी शोधूनही सापडणे कठीण. खरी अडचण आहे ती जन्मानंतरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत.

मादी आयुष्यात एकदाच विते आणि त्या एका विणीत एक लाखापासून पाच लाखांपर्यंत अंडी घालते. जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची ही अंडी ती माळांमध्ये गुंफून खडकाच्या कपारीत छताला टांगते आणि त्या क्षणापासून जवळजवळ खाणे सोडून त्यांची राखण करत बसते. स्वतःच्या शरीरातल्या नळीतून पाण्याचा झोत सोडून ती अंड्यांना प्राणवायू पुरवते, भुजांच्या टोकांनी त्यांच्यावर साचलेली घाण पुसून काढते, आणि पिल्ले बाहेर पडली की थोड्याच दिवसांत मरते. हे मरण उपासमारीने येते असे पूर्वी वाटत असे. 1977 साली जेरोम वोडिन्स्की या संशोधकाने दुसऱ्या एका जातीच्या माद्यांच्या डोळ्यांजवळच्या ग्रंथी शस्त्रक्रियेने काढून टाकल्या, तेव्हा त्या अंडी सोडून पुन्हा खाऊ लागल्या आणि बऱ्याच अधिक जगल्या. मरणाची वेळ शरीरानेच ठरवलेली असते, हे त्यातून कळले. शेतीच्या भाषेत याचा अर्थ असा की ऑक्टोपसची मादी एकदाच बीज देते. माशांप्रमाणे एकाच मादीकडून हंगामामागून हंगाम अंडी घेता येत नाहीत.

अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू सुमारे तीन मिलिमीटरचे असते आणि त्याच्या प्रत्येक भुजेवर अवघे तीन चूषक, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्या, असतात. ते तळाशी बसत नाही, वरच्या पाण्यात प्लवकांबरोबर, म्हणजे प्रवाहासोबत वाहणाऱ्या सूक्ष्म जिवांबरोबर, तरंगत राहते. टाकीच्या काचेला भिंग लावून पाहिले तर या एवढ्याशा जिवाची शिकार स्पष्ट दिसते. समोर खेकड्याचा डिंभक, म्हणजे अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू, आला की ते जागच्या जागी थबकते, दोन्ही डोळ्यांनी त्याचा वेध घेते, आखूड भुजा एकत्र जुळवते आणि एका झेपेत त्याला पकडते. थोड्या वेळाने डिंभकाचे पारदर्शक कवच तेवढे रिकामे होऊन खाली पडते. आतले सारे द्रव करून शोषून घेतलेले असते. जिवंत, हलणारे आणि नेमक्या आकाराचे भक्ष्य त्याला दिवसातून अनेकदा मिळावे लागते. ते मिळाले नाही की लाखो पिल्ले काही दिवसांत मरून जातात.

जपानमध्ये 1963 साली कोळंबीच्या कुळातील जिवांचे डिंभक खाऊ घालून अशी पिल्ले तळाशी उतरेपर्यंत जगवल्याची नोंद आहे, परंतु कोळंबीचे किंवा खेकड्याचे डिंभक रोज लाखोंच्या संख्येने तयार करणे हाच मोठा उद्योग होऊन बसतो. मत्स्यबीज केंद्रांत सर्रास वापरले जाणारे आर्टेमिया हे इवले कवचधारी जीव स्वस्तात मिळतात, पण त्यांच्यात ऑक्टोपसच्या मज्जासंस्थेला लागणारी स्निग्धाम्ले (चरबीतले घटक) पुरेशी नसतात, त्यामुळे केवळ त्यांच्यावर पिल्ले तगत नाहीत. स्पेनमधील बिगो येथील संशोधकांनी आर्टेमियाच्या जोडीला खेकड्याचे डिंभक देऊन अंड्यापासून प्रौढ प्राण्यापर्यंतचे चक्र पूर्ण केल्याचे 2004 साली प्रसिद्ध केले, मात्र त्यात वाचलेल्यांचे प्रमाण फारच कमी होते. पुढे स्पेनच्याच सागरी संशोधन संस्थेच्या कामाच्या आधारे नुएवा पेस्कानोवा या मोठ्या मासळी कंपनीने बंदिस्त जागेत हे चक्र पूर्ण केल्याचे 2019 साली जाहीर केले. म्हणजे जे कुलूप साठ वर्षे उघडत नव्हते ते प्रयोगशाळेच्या पातळीवर उघडले आहे. व्यापारी पातळीवर ते उघडावे का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

प्रश्न : सगळ्याच ऑक्टोपसची पिल्ले अशी नाजूक असतात का?

उत्तर : नाही. काही जाती थोडी पण मोठी अंडी घालतात आणि त्यांची पिल्ले जन्मतःच लहान प्रौढांसारखी तळाशी चालू लागतात. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाजवळ सापडणारा ऑक्टोपस माया हे त्याचे ठळक उदाहरण आहे. त्याचे अंडे दीड सेंटिमीटरच्या आसपास लांब असते आणि मादी लाखांनी नव्हे, तर फार तर हजार-दोन हजारांच्या घरात अंडी घालते. तिथल्या सिसाल गावातील विद्यापीठाच्या केंद्राने या जातीच्या संगोपनावर बरेच काम केले आहे. तरंगत्या अवस्थेची अडचण इथे नाही. एकमेकांना खाण्याची, खाद्याची आणि जागेची अडचण मात्र जशीच्या तशी राहते.

प्रश्न : समुद्रात पिंजरे सोडून ऑक्टोपस वाढवले जातात असे ऐकले आहे. पिल्ले जगत नसतील तर मग हे पिंजऱ्यांतले प्राणी येतात कुठून?

उत्तर : ते समुद्रातून पकडून आणलेले असतात, आणि ही गोष्ट सांगितली गेल्याशिवाय ‘ऑक्टोपसची शेती’ या शब्दांवर विश्वास ठेवू नये असे मला वाटते. स्पेनच्या वायव्येकडील गालिसियाच्या खाड्यांत 1990 च्या दशकात हा उद्योग सुरू झाला. मासेमारांनी सापळ्यांत पकडलेले पाऊण ते एक किलोचे ऑक्टोपस विकत घ्यायचे, तरंगत्या तराफ्यांखाली टांगलेल्या पिंजऱ्यांत सोडायचे, तीन-चार महिने खेकडे, शिंपले आणि हलकी मासळी खाऊ घालायची आणि अडीच-तीन किलोंचे झाले की बाहेर काढायचे, अशी पद्धत. पिंजऱ्याच्या आत प्लास्टिकच्या नळ्यांचे तुकडे रचून बांधलेले असतात, कारण ऑक्टोपसला पाठ टेकायला बंद जागा लागते आणि ती मिळाली नाही तर तो खाणे कमी करतो व शेजाऱ्यावर चालून जातो. पिंजरा वर ओढला की बहुतेक नळ्यांच्या तोंडाशी एकेक डोळा आणि एक-दोन भुजांची वेटोळी दिसतात; काहींनी खाल्लेल्या शिंपल्यांच्या रिकाम्या शिंपा दारापाशी रचून ठेवलेल्या असतात.

याला मराठीत खाऊ घालून पुष्ट करणे म्हणणे अधिक योग्य ठरेल. इथे बीज निर्माण होत नाही. जे प्राणी आणखी काही महिन्यांनी समुद्रात विणार होते, तेच विण्याआधी उचलून पिंजऱ्यात घातले जातात. त्यामुळे समुद्रातल्या साठ्यावरचा भार हलका होण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय हा उद्योग फारसा वाढलाही नाही. लहान ऑक्टोपस मिळतील तितकेच पिंजरे भरायचे, त्यांची किंमत मासेमारांच्या हातात, खाद्य रोज ताजे आणायचे, आणि एवढे करून मरतूक मोठी. आकाराने मोठे असलेले नर लहानांना मारतात म्हणून वजनानुसार वर्गवारी करून ठेवावी लागते, आणि माद्या वयात आल्या की त्यांचे खाणे थांबून वजन घटू लागते. अशा गणितावर उभा राहिलेला धंदा काही मोजक्या कुटुंबांच्या पूरक उत्पन्नापलीकडे न जाणे स्वाभाविक होते.

प्रश्न : माझी खाडीलगत कोळंबीची तळी आहेत. रोगामुळे कोळंबीत सतत नुकसान होत आहे. त्याच तळ्यांत ऑक्टोपस वाढवून पाहावा का?

उत्तर : नुकसान सोसणाऱ्या माणसाला नवा मार्ग हवासा वाटणे साहजिक आहे, तरीही माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. ऑक्टोपसला खाडीचे मचूळ पाणी चालत नाही. त्याला पूर्ण समुद्राची क्षारता लागते, आणि ती दर हजारी 27 भागांच्या आसपास उतरली तरी त्याच्या जिवावर बेतते. म्हणूनच मोठ्या पावसानंतर वरच्या थरात गोडे पाणी साचले की खाड्यांतल्या पिंजऱ्यांतही मरतूक होते. सामान्य ऑक्टोपसला साधारण 16 ते 21 अंश सेल्सियसचे पाणी मानवते आणि 23 अंशांच्या वर त्याचे वजन घटू लागते. उथळ तळ्यातले उन्हाने तापणारे पाणी त्याला सोसण्यासारखे नसते. त्याचे निळे रक्त, ज्यात लोहाऐवजी तांब्यावर आधारलेले द्रव्य प्राणवायू वाहते, कमी प्राणवायूच्या पाण्यात फार काळ तग धरू देत नाही. आहार जवळजवळ निव्वळ प्रथिनांचा असल्यामुळे तो माशांपेक्षा बराच जास्त अमोनिया बाहेर टाकतो आणि तळ्याचे पाणी लवकर खराब करतो.

आणखी एक गोष्ट आपल्या विशेष लक्षात आणून देतो. ऑक्टोपसच्या आतड्यात अ‍ॅग्रिगाटा नावाचा एक सूक्ष्म परजीवी वाढतो आणि तो त्याच्यापर्यंत पोहोचतो तो खेकडे-कोळंबीसारख्या भक्ष्यातून. आजारी प्राणी अन्न पचवू शकत नाही आणि खंगत जातो. रोगट कोळंबीने त्रासलेल्या तळ्यात, कोळंबीच खाणारा प्राणी आणून सोडणे हे संकटावर दुसरे संकट ओढवून घेण्यासारखे आहे. कोळंबीच्या पीककाळात खंड घेऊन तळी वाळवणे, पाण्याची व बियाण्याची तपासणी करून घेणे, किंवा पाणी मानवत असेल तर शिंपले-कालवांकडे वळणे, हे मार्ग कमी झगमगीत असले तरी आपल्यासाठी अधिक खात्रीचे आहेत.

प्रश्न : समुद्रातली मासेमारी घटवायची असेल तर पाळीव उत्पादन वाढवायला हवे, असा युक्तिवाद केला जातो. ऑक्टोपसच्या बाबतीत तो तुम्हाला का पटत नाही?

उत्तर : हा युक्तिवाद मुळातच चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. शिंपले आणि कालवे पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातात, त्यांना बाहेरून दाणाही घालावा लागत नाही. समुद्रशेवाळाला तर ऊन आणि पाण्यातली पोषकद्रव्ये पुरतात. असे जीव वाढवले तर समुद्रातून काढण्याऐवजी समुद्रात काही घातल्याचे समाधान खरेच मिळू शकते. ऑक्टोपस या साखळीच्या दुसऱ्या टोकाला आहे. तो जन्मापासून मरेपर्यंत मांसाहारी आहे, आणि त्याच्या वजनात एक किलोची भर पडायला ढोबळमानाने तीन किलो खाद्य लागते. ते खाद्य खेकडे, शिंपले आणि मासळीच्या रूपाने समुद्रातूनच येते. जगात आजही दरवर्षी दीड कोटी टनांहून अधिक मासळी माणसाच्या ताटात न येता कुटी (प्राण्यांच्या खाद्यासाठीची भुकटी) आणि तेल करण्यासाठी दळली जाते, आणि तिच्यातला मोठा भाग गरीब किनाऱ्यांजवळच्या लहान माशांचा असतो, जे तिथल्या माणसांचे स्वस्त अन्न आहे. त्या कुटीवर आणखी एक मोठा गिऱ्हाईक उभा करायचा, आणि तोही महागड्या हॉटेलांत खाल्ल्या जाणाऱ्या प्राण्यासाठी, हे मला न्याय्य वाटत नाही.

कंपन्यांचे उत्तर असते की आम्ही मासळी कापताना उरलेले डोके-शेपटीचे तुकडे आणि टाकाऊ मासळी वापरू. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. हे तुकडे आज फेकून दिले जात नाहीत. जगातल्या मासळीच्या कुटीचा जवळजवळ तिसरा हिस्सा अशाच उरलेल्या भागांतून बनतो आणि तो इतर मत्स्यशेतीत वापरला जातो. नवा उद्योग तो घेऊ लागला की जुन्या उद्योगाला ताजी मासळी दळावी लागणार. भार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाईल. कमी होणार नाही. आणि पाळीव ऑक्टोपस बाजारात आला की समुद्रातला ऑक्टोपस पकडणे थांबेल, ही आशाही अनुभवाला धरून नाही. पुरवठा वाढला की नव्या गिऱ्हाइकांना चव लागते आणि एकूण खप वाढतो, असे पाळीव सॅमनच्या आणि कोळंबीच्या बाबतीत घडलेले आपण पाहिले आहे.

प्रश्न : कोंबडी, बकरी, मासे सगळेच आपण खातो. मग ऑक्टोपस बुद्धिमान आहे म्हणून त्याच्यावर विशेष दया दाखवणे ही केवळ भावुकता नाही का?

उत्तर : आपला प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देणे योग्य होणार नाही. बुद्धी जास्त म्हणून जीव अधिक मोलाचा, असे मी मानत नाही. कोंबडीला वेदना होतात म्हणून तिला कसे ठेवावे आणि कसे मारावे याचे नियम असावेत, हे आज बहुतेक देशांनी मान्य केले आहे. तसे नियम शेतीतल्या ऑक्टोपससाठी कुठेच तयार नाहीत, आणि तयार करायला बसलो तर त्या प्राण्याच्या गरजा बंदिस्त जागेत पुऱ्या करता येतील का, हाच पहिला प्रश्न उभा राहतो.

त्याच्या शरीरात सुमारे 50 कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांपैकी दोन-तृतीयांशांच्या आसपास आठ भुजांत विखुरलेल्या आहेत. प्रत्येक भुजा चाचपते, चव घेते आणि काही निर्णय स्वतःच घेते. वेदनेविषयी म्हणाल तर रॉबिन क्रूक या संशोधिकेने 2021 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला निर्णायक वाटतो. काही ऑक्टोपसच्या भुजेत सौम्य आम्ल टोचण्यात आले आणि त्यांना एका विशिष्ट कप्प्यात ठेवले गेले. पुढे निवड करायची संधी मिळताच, आधी आवडता असलेला तो कप्पाही त्यांनी टाळला. भूल देणारे औषध दिल्यावर ज्या कप्प्यात आराम पडला, तो मात्र त्यांनी पसंत केला. आम्ल टोचलेल्या जागेवरची कातडी त्यांनी स्वतःच्या चोचीने खरवडून काढली होती. हे केवळ अंग आखडून घेणे नव्हे. कुठे दुखले, कुठे बरे वाटले, हे लक्षात ठेवून वागण्यासाठी वेदना जाणवावीच लागते. ब्रिटिश सरकारच्या सांगण्यावरून तत्त्वज्ञ जोनाथन बर्च यांच्या गटाने त्याच वर्षी उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला. या प्राण्यांना जाणीव असल्याचा पुरावा भक्कम आहे आणि ऑक्टोपसची शेती त्याच्या कल्याणाच्या कसोटीला उतरेल अशा रीतीने करणे अशक्य आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यानंतर 2022 च्या ब्रिटिश कायद्यात ऑक्टोपस आणि त्याचे भाऊबंद यांचा जाणीव असलेल्या प्राण्यांत समावेश झाला.

तो स्वभावाने एकटा राहणारा आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर जर्विस उपसागरात शिंपल्यांच्या थरावर अनेक ऑक्टोपस शेजारी-शेजारी राहताना आढळले आहेत, हे खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण तिथेही त्यांची एकमेकांशी झटापट चालते, आणि भुजांत जमवलेली माती व शिंपा ते पाण्याच्या झोताने शेजाऱ्यांवर उडवताना चित्रित झाले आहेत. शिवाय तिथून निघून जायला त्यांना मोकळा समुद्र आहे. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी ग्रान कॅनारियाच्या लास पाल्मास बंदरात नुएवा पेस्कानोवाने योजलेल्या प्रकल्पात, त्याच्या कागदपत्रांवरून 2023 साली आलेल्या वृत्तांनुसार, एका घनमीटर पाण्यात दहा-पंधरा ऑक्टोपस ठेवले जाणार होते, दहा ते पंधरा टक्के मरतूक गृहीत धरली होती, आणि शेवटी त्यांना उणे तीन अंश तापमानाच्या पाण्यात सोडून मारण्याचे योजले होते. थंड पाण्यात माशाला मारणे ही संथ आणि क्लेशकारक पद्धत असल्याचे संशोधक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. कंपनीने क्रूरतेचा आरोप नाकारला आहे आणि प्राण्यांची योग्य काळजी घेतली जाईल असे म्हटले आहे. माझा आक्षेप कंपनीच्या हेतूवर नाही. चोहीकडे मऊ अंग असलेला, एकांत शोधणारा, नवे काही दिसले की हात घालून पाहणारा हा प्राणी उघड्या, रित्या टाकीत शेकड्यांनी ठेवायचा, म्हणजे जे त्याच्या स्वभावात आहे ते सारे त्याच्याकडून काढून घ्यायचे, आणि हे केवळ चांगल्या हेतूने टळत नाही.

राहता राहिला तुलनेचा मुद्दा. कोंबड्यांच्या बाबतीत आपण पिंजरे आधी बांधले आणि त्यांतले दुःख नंतर मोजू लागलो. आज ते पिंजरे मोडायला सरकारांना आणि शेतकऱ्यांना किती जड जाते आहे, हे दिसतेच. ऑक्टोपसच्या बाबतीत असे कारखानदारी पिंजरे अजून बांधले गेलेले नाहीत. थांबायला याहून सोपी वेळ पुन्हा येणार नाही.

प्रश्न : या शेतीला कुठे परवानगी आहे आणि कुठे बंदी?

उत्तर : लास पाल्मासचा प्रकल्प वर्षाला 3000 टन उत्पादनाचा, म्हणजे साधारण दहा लाख प्राण्यांचा, होता. त्याला लागणाऱ्या परवानग्यांच्या प्रक्रियेत कॅनरी बेटांच्या प्रशासनाने अधिक सविस्तर पर्यावरणीय मूल्यांकनाची अट घातली. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने मार्च 2024 मध्ये ऑक्टोपसच्या शेतीवर बंदी घालणारा कायदा केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने त्यापुढे जाऊन शेतीबरोबरच शेतीत वाढवलेल्या ऑक्टोपसच्या विक्रीवरही बंदी घातली आणि ती 1 जानेवारी 2025 पासून लागू झाली. युरोपीय संघात प्रयोगशाळेतल्या ऑक्टोपसला 2010 च्या निर्देशामुळे संरक्षण आहे. म्हणजे त्याच्यावर प्रयोग करायचा तर परवाना आणि भूल लागते, पण हजारोंनी वाढवून मारायचे तर त्याच्यासाठी वेगळे नियमच नाहीत. ही विसंगती दूर करण्याचे काम सर्वांत आधी व्हायला हवे.

प्रश्न : मग ज्या मासेमारांचे पोट ऑक्टोपसवर चालते आणि ज्यांची पकड घटते आहे, त्यांनी काय करावे? शेतीला विरोध करणे सोपे आहे, पण त्यांच्या हाती तुम्ही काय देणार?

उत्तर : या प्रश्नाशिवाय हे सदर अपुरे राहिले असते. जगभरात दरवर्षी सुमारे साडेतीन-चार लाख टन ऑक्टोपस पकडला जातो, आणि त्यातला बराच भाग लहान होड्यांतून किंवा ओहोटीच्या वेळी खडकांवर पायी फिरणारी माणसे पकडतात. ऑक्टोपसचे आयुष्य छोटे आणि वाढ वेगवान, हा जो गुण शेतीवाल्यांना मोहात पाडतो, तोच गुण मोकळ्या समुद्रातही उपयोगी पडतो. फक्त त्याला थोडे दिवस शांतपणे वाढू द्यावे लागते.

मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील आंदावादोआका या गावाने 2004 साली आपल्या प्रवाळखडकाचा एक भाग ऑक्टोपस पकडण्यासाठी काही महिने बंद ठेवला. तिथे ओहोटीला हातात टोकदार काठी घेऊन बिळे धुंडाळण्याचे काम बऱ्याच अंशी बायका करतात, आणि रोजच्या कमाईचा तो भाग सोडून देणे त्यांच्यासाठी सोपे नव्हते. बंदी उठल्यावर मिळालेले ऑक्टोपस आधीपेक्षा लक्षणीय मोठे होते. आजूबाजूच्या गावांनी हा प्रयोग पाहून उचलला, आणि पुढे दोन-तीन महिन्यांच्या अशा बंद्या त्या किनाऱ्यावर नेहमीच्या झाल्या. कुठला भाग, कधी आणि किती दिवस बंद ठेवायचा हे गावेच बसून ठरवतात. नियम मोडणाऱ्याला दंडही तीच करतात. मोरोक्कोतही वर्षातला काही काळ ऑक्टोपसची मासेमारी पूर्ण थांबवली जाते, तिथे ती सरकारी आदेशाने.

या उपायात त्रुटी नाहीत असे नाही. बंदी उठली त्या पहिल्या दिवशी सारे जण एकाच खडकावर तुटून पडले, तर महिन्यांची कमाई दोन दिवसांत संपते. बंद भागाचे ओझे शेजारच्या उघड्या भागावर पडते. व्यापाऱ्याने त्याच आठवड्यात भाव पाडला तर मोठ्या ऑक्टोपसचा फायदा पकडणाऱ्याला मिळत नाही. त्यामुळे बंदीबरोबर किमान वजनाची अट, अंड्यांवर बसलेली मादी न उचलण्याचा नियम, आणि भाव आधी ठरवून घेण्याची ताकद देणारी सहकारी संस्था, या तिन्ही गोष्टी लागतात. त्यांच्यावर खर्च होतो, पण लास पाल्माससारख्या एका प्रकल्पाच्या तुलनेत तो किरकोळ आहे. आपल्या भागात असे काही करायचे असेल, तर सुरुवात वर्षभराच्या साध्या नोंदवहीने करावी: कोणत्या खडकावर, कोणत्या भरती-ओहोटीला, किती वजनाचा ऑक्टोपस मिळाला आणि त्यात अंड्यांवरच्या माद्या कोणत्या महिन्यांत आढळल्या. कोणते दोन-तीन महिने थांबायचे, हे त्या नोंदींवरून पकडणाऱ्यांना स्वतःच ठरवता येईल.